संशयास्पद ईमेल ओळखण्याची माझी पद्धत

२ मार्च, सकाळी
या नोंदींतून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: ज्याला नीट विचार करता येतो, त्याला ईमेलमधून कोणी फसवू शकत नाही. निमित्त असे, की आमच्या 'वादसभा' या ऑनलाइन चर्चागटात संशयास्पद ईमेल येऊ लागले आहेत. कोणाला लॉटरी, कोणाचे अडकलेले पार्सल. दोन सभासद चक्क गळाला लागले. मी गटाचा निमंत्रक; आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. बंदोबस्त माझ्याकडे येणार हे ओघानेच आले.

सूनबाई बँकेत कॉम्प्युटर सांभाळते. तिचा सल्ला: बाबा, शंका आली तर काही उघडू नका, आपल्याकडे त्या माणसाचा जो नंबर आहे त्यावर सरळ फोन करा. संपलं. मी म्हटले, ही युक्ती झाली, पद्धत नव्हे. ती हसली. का, ते विचारले नाही.

४ मार्च
पद्धत तयार. आमच्या सभेचा जुना दंडक आहे: समोरच्याचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, आधी आपण मांडायचा, त्याने 'मान्य' म्हटले की मगच खोडायला घ्यायचा. हाच दंडक ईमेलला लावायचा. भामटा असल्या फंदात पडणार नाही. ज्यात भीती, दया किंवा घाई, तो ईमेल खोटा.

गटावर जाहीर केले. सर्वांनी स्वागत केले, अपवाद वकील. हा माझा तरुणपणापासूनचा मित्र आणि तेव्हापासूनचाच विरोधक. लिहितो: मास्तर, घाबरतो आणि घाई करतो तो खरा माणूस. भामट्याकडे वेळच वेळ असतो.

उत्तर सुचले नाही. दिले नाही, असे म्हणणे अधिक अचूक.

५ मार्च
संकल्प: अनोळखी नंबरचा फोन उचलायचा नाही.

८ मार्च
पहिली कसोटी. 'सभासद सुरक्षा विभाग' यांचे पत्र: निमंत्रकांनी पासवर्डची खात्री करून द्यावी. मी त्यांचा पूर्वपक्ष मांडून पाठवला. तासाभरात उत्तर: आमची भूमिका आपण आमच्याहून चांगली मांडलीत. मान्य. सवडीने करावे, घाई नाही.

इतका सुसंस्कृत पत्रव्यवहार गटात कित्येक वर्षांत झाला नव्हता. पासवर्ड दिला.

११ मार्च, सकाळी
अनोळखी पत्त्यावरून ईमेल. खाली लिहिले आहे 'वकील'. मजकूर: मास्तर, शुक्रवारी घशाचं ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार, मग आवाज कायमचा गेला. त्याआधी तुझ्याशी एकदा बोलायचंय. माझा फोन दवाखान्याच्या गडबडीत हरवला. भाच्याच्या फोनवरून लावतोय तर तू उचलत नाहीस. खालच्या नंबरवर फोन कर.

दया, भीती, घाई. सगळे एकाच ताटात. पूर्वपक्षाचा पत्ता नाही. नमुना इतका उत्तम, की विश्लेषणासह सर्व गटाला पाठवला. काहींनी हसरे चेहरे पाठवले.

दुपारी
न्याय्य संधी द्यावी म्हणून त्याला लिहिले: आपण वकील असाल, तर माझे गेल्या आठवड्यातील म्हणणे आधी मांडून दाखवा. उत्तर: गाढवा, परीक्षा कसली घेतोस? आवाज ऐक, म्हणजे कळेल मी कोण.

व्यक्तिगत हल्ला. आणखी एक दोष. पत्ता ब्लॉक केला.

'गाढवा' ओळखीचे वाटले खरे. पण ओळखीचे वाटणे हा पुरावा नव्हे.

१२ मार्च
हिने मला न विचारता वकिलाच्या बायकोला फोन केला. बाहेर येऊन म्हणाली, अहो, सगळं खरं आहे. वकीलभाऊजींशी बोलले मी आत्ता. आवाज पार बसलाय. तुमचीच वाट बघतायत. तो तर्क घाला चुलीत आणि फोन लावा.

मी विचारले, त्या घरातली माणसेही याच ईमेलला फसली नसतील कशावरून?

ही म्हणाली, स्वतःच्या घशाबद्दल भाऊजींना कोणी ईमेल पाठवून फसवलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?

मुद्दा वजनदार होता. मनातल्या मनात स्वीकारला. फोन उद्या करीन. त्याच्या आक्षेपाचे उत्तर आधी तयार हवे; रिकाम्या हाताने फोन करणे म्हणजे हार. मसुदा चालू आहे.

१३ मार्च
मसुदा फाडला. दुसरा संध्याकाळपर्यंत होईल, मग फोन.

संध्याकाळी भलतेच. माझ्या नावाने गटात पत्र फिरले: प्रत्येक सभासदाचा पूर्वपक्ष नेटका मांडून शेवटी पासवर्डची मागणी. सभासदांनी आनंदाने 'मान्य' लिहून पासवर्ड दिले. माझा ईमेल मलाच उघडेना, म्हणून मी दुसऱ्या पत्त्यावरून कळवले: सावधान, ताबडतोब पासवर्ड बदला! उत्तरे आली: भीती आहे, घाई आहे, पूर्वपक्ष नाही, अर्थात खोटा. एकाने माझेच विश्लेषण मला जोडून पाठवले. मग गटाचे दारच बंद झाले. कोणी केले, कळायला मार्ग नाही.

हे निस्तरता निस्तरता जेवणाची वेळ टळली. ही एकदाच म्हणाली, फोन. मी म्हटले, आता आजारी माणसाला उठवायचे का? सकाळी लवकर करतो.

१४ मार्च, सकाळी
लावला. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, भाऊजी, आत्ताच आत नेलं.

२० मार्च
दवाखान्यात गेलो. वकील उशीला टेकून बसला होता, गळ्याला पट्टी. त्याच्या आक्षेपाचे उत्तर मी सोबत नेले होते. दोन वाक्ये वाचली. त्याने हात वर करून थांबवले.

वहिनी म्हणाल्या, डॉक्टर सांगत होते, आवाज ताणू नका. म्हणून लेकीशी थोडं बोलले, भावाशी थोडं. तुमच्यासाठी राखून ठेवला होता. शेवटच्या संध्याकाळी कुणी आलं की हातानंच नको म्हणायचे.

काय बोलायचे होते, मी विचारले. वहिनींना ठाऊक नाही. मी वकिलापुढे कागद-पेन धरले. त्याने पेन काढून घेतले, टेबलावर ठेवले आणि भिंतीकडे वळून पडला.

परत आल्यावर कबुलीजबाब लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात 'अपुरी माहिती' होते, ते खोडले. 'परिस्थिती' होते, तेही खोडले. उरले ते असे:

माझी चूक एक. मित्र म्हणाला फोन कर, आणि मी केला नाही.

(सही)
तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक