डाव्या कानामागची गाठ

गुरुवार, संध्याकाळ

आज प्रदर्शनात माझं पहिलं चित्र विकलं जाता जाता राहिलं. चित्रात स्कूटीवर बसलेली माझी मैत्रीण वैशाली. तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे उघडे. स्कार्फ रंगवलेला नाही, कात्रजच्या भिंतींवरून सोलून आणलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या जाहिराती चिकटवल्यात. गाठ डाव्या कानामागे, ती बांधते तशीच. चेहरा दिसणार नाही या अटीवरच ती चित्रासाठी बसली होती. बाबांना कळलं तर घरात बोलणं बंद होईल म्हणाली.

एका आयटी कंपनीचे साहेब म्हणाले, "रिसेप्शनला लावू. पण स्कार्फ काढून चेहरा दाखवा. कोण आहे ते कळत नाही." मी हो म्हणणार होते का? बहुतेक हो.

"कळतंय की," मागून कोणीतरी म्हणालं. वैशालीचे बाबा, हातात भाजीची पिशवी. त्या गाठीकडेच बघत होते. साहेबांना उद्या कळवते म्हटलं. ते पुढे गेल्यावर बाबा म्हणाले, "स्कार्फ असू दे. आणि मी ओळखलं हे तिला सांगू नकोस."

साहेबांना उद्या नाही म्हणून कळवायचं.

आत्ताच वैशालीचा फोन येऊन गेला. "कोणी ओळखलं नाही ना गं?"

नाही म्हटलं.