वेगाची वरची मर्यादा

नागपूर, मंगळवार, १७ मे १९८८

आज सायंकाळी जुळणीचा संगणक तापून बंद पडला आणि अर्धा अग्रलेख गेला. चूक माझीच. पान लवकर मिळावं म्हणून मीच सकाळी संगणक सांभाळणाऱ्या देशमुखांना त्याच्या मूळ प्रणालीतली वेगाची वरची मर्यादा काढायला लावली. ते नको म्हणत होते. ऐकलं का नाही?

मजकूर पुन्हा जुळवताना कमलाबाई म्हणाल्या, "कूलरपुढं तुम्ही बसता साहेब, अन् पळवून राहिले त्याले."

कूलर खरंच माझ्याकडे तोंड करून होता.

उद्या देशमुखांची माफी मागून मर्यादा परत घालून घेणार. कूलर संगणकाकडे वळवणार. आणि अग्रलेख सहाऐवजी पाचलाच कमलाबाईंच्या हाती देणार, घाम पुसत का होईना.