मोहरीच का

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की पहूरच्या विहारात तुमचा फोटो बघून नवी पोरं हा कोण म्हणून विचारतात. मी आता धुळ्याला, देवपुरात, धाकट्या लेकाकडे असते. वर्षावासाचे तीन महिने इथल्या विहारात ग्रंथ मीच वाचते. शिकलेल्या सुना पुष्कळ आहेत, पण वाचताना श्वास कुठे घ्यावा ते त्यांना कळत नाही. आश्विन पौर्णिमेच्या आत ग्रंथ पुरा, एकही वर्ष चुकलेलं नाही. तुम्हाला याचं कौतुक वाटणार नाही, ठाऊक आहे.

यंदा मोहरीच्या गोष्टीपाशी गाडी थांबली. मेलेलं लेकरू घेऊन बाई तथागतांकडे येते, ते म्हणतात, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण, ती दारोदार हिंडते आणि उमजते. पाच मिनिटांचं वाचन. मी पान उलटायला बोट ओलं केलं, तर मागून एक बाई बोलली. तिचं लेकरू गेल्या साली तापात गेलं. म्हणाली, "अक्का, पहिल्याच दारी कळलं ना तिला? मग दुसऱ्या दारी कशाला गेली?" इतकी वर्षं सगळ्या हात जोडून ऐकत होत्या, हे कुणी विचारलं नव्हतं. मी ग्रंथ मिटला.

आणि तुम्ही आठवलात. पहूरला जिनिंग मिलमधून सुटून विहारात येता, भुवयांत कापूस, अंगाला सरकीचा वास. आम्हा बायकांना दोघी-दोघी बसवता. एकीने वाचायचं, दुसरीने अडवायचं. अक्षरं तुम्हीच शिकवलेली, त्यात मी सगळ्यांत वेगवान. हेच पान. "थांब. मोहरीच का? तांदूळ का नाही?" मी म्हणते, "आबा, चुलीवर सगळ्यांची खीर आहे, करपेल." तुम्ही म्हणता, "मग जा, ढवळ. पळत्या बाईला ग्रंथ दिसत नसतो." दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते.

आता नऊ दिवस त्याच पानावर आहोत. बायका दोघी-दोघी बसवल्यात. एक म्हणाली, मोहरी फोडणीला रोज लागते, तिला कोण नाही म्हणेल? दुसरी म्हणाली, "तेच तर. तांदूळ मागितले असते तर निम्म्यांनी दारातूनच वाटेला लावलं असतं." सातव्या दिवशी ती लेकरू गेलेली बाई म्हणाली, "पहिल्या दारी मोहरी मिळाली नाही, एवढंच. पाचव्या-सहाव्या दारी कुणीतरी बस म्हणालं असेल." त्या दिवशी ती घाईने घरी गेली नाही, विहारातली खिरीची पातेली घासायला थांबली.

विहाराचा कारभारी येऊन गेला. "अक्का, पौर्णिमा जवळ आली, पुढला बठ्ठा ग्रंथ बाकी शे. दुसरी वाचणारी बसवू का?" मी म्हटलं, "बसव बापा. तिलाही या बाया इथंच अडवतील." ग्रंथ यंदा पुरा होणार नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाले. वाचनाची खुर्ची राहो की जावो.

हा कागद त्याच पानात ठेवते, खुणेला. एक राहिलं. त्या दिवशी चुलीवर खीर नव्हतीच. दूध तुम्हीच आणणार होता, आणि विसरून आला होता.