उधन्यातला गाळा आणि बोअरचे पाणी

मी, चंचलबाई पंडित बोरसे, वय एकसष्ट, मूळ गाव शिंदखेड्याजवळचे, हल्ली राहणार भेस्तान, सुरत, धंदा गोधड्या रंगवणे व शिवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे सोडले तर प्रकृतीही बरी आहे. वकीलसाहेबांनी दिलेल्या नमुन्यात पुढचे शब्द "कोणाचीही भीती अगर दडपण नसताना" असे होते. ते मी गाळले आहेत. मला भीती वाटते, आणि मृत्युपत्राची सुरुवात खोट्याने करायची नाही. मात्र ज्यांची भीती वाटते त्यांच्या सांगण्यावरून यातला एकही शब्द लिहिलेला नाही, हे खरे. मराठीत लिहिले तर चालेल का, असे विचारल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "भाषा तमारी, बेन. कायदो एक ज." भाषा तुमची, कायदा एकच. म्हणून मराठीत लिहिते.

कलम १. भेस्तानचे घर मुलगा दीपक याच्या नावावर पूर्वीच केले आहे. ते या मृत्युपत्रात येत नाही.

कलम २. बँकेत माझ्या नावावर जे काही शिल्लक असेल ते दीपकच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या नातीच्या शिक्षणासाठी. माझी पोत व कानातले मुलगी मनीषा राहुल सोनवणे, राहणार कोसाड, हिला. सोन्यावरून भावाबहिणीत वाद होणार नाही, दोघेही तसे नाहीत.

कलम ३. सुरतेतल्याच उधना भागातला गाळा. याविषयी जरा सविस्तर लिहावे लागेल, नाहीतर मी असे का ठरवले ते कोणाला कळणार नाही.

हा गाळा मी आणि माझे पती पंडितराव यांनी मिळून घेतला. पंडितराव गाळ्याला लागून असलेल्या डाइंग हाऊसमध्ये रंगखात्यात होते. ते वारल्यावर तिथल्या शेठनीच मला पांढऱ्या सुती कापडाचे उरलेले तुकडे पाठवले. "भाभी, हाथ चालू रखो," म्हणाले. त्या तुकड्यांवर माझा धंदा उभा राहिला. हे उपकार मी विसरलेले नाही, आणि पुढचे वाचताना कोणी मला कृतघ्न समजू नये म्हणून ते आधी लिहिले. शेठचे नाव मात्र लिहीत नाही. वकिलांचा तसा सल्ला आहे. माझाही धीर होत नाही.

पहिली गोधडी मी आणि हिंगोलीकडच्या रुक्मिणीबाईंनी शिवली. पुढे बायका येत गेल्या. मनीषा एका शिबिरात झाडापाल्याचे रंग शिकून आली. डाळिंबाची साल, मंजिष्ठ, हिरडा. पहिल्या खेपेला सगळेच मातकट निघाले आणि आम्ही तिला हसलो. मग रंग बसू लागले. तिने फोटो इंटरनेटवर टाकले, आणि डेन्मार्कहून बिर्गिट नावाच्या बाई खरोखर गाळ्यात येऊन फरशीवर आमच्यात बसल्या. त्यांचे लहान मुलांच्या पांघरुणांचे दुकान आहे. तिकडचे लोक विष नसलेले कापड शोधत फिरतात आणि त्यासाठी थांबायलाही तयार असतात, हे आम्हाला त्यांच्याकडून कळले. त्यांच्या मागणीवर आमच्या कितीतरी बायकांची घरे चालली.

पण बाजार जितका चांगला तितका कडक. मोठ्या गिरणीला जी तपासणी तीच आम्हाला, आणि तिचा खर्चही तोच. गिरणीला तो जाणवत नाही, आम्ही मात्र त्याखाली वाकायचो. प्रत्येक गोधडीचे कापड कुठले, दोरा कुठला, रंग कशाचा, सगळे सांगावे लागे. आम्हाला लपवायचे काही नव्हते, म्हणून मी निर्धास्त होते.

मग एक दिवस बिर्गिटबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या बोलत होत्या आणि मनीषा हळू आवाजात मराठीत सांगत होती.

"म्हणतायत, तुमच्या लाल रंगात झाडाचं नाही असं काहीतरी सापडलंय. तिकडे त्याला बंदी आहे."

"आपण घातलेलं नाही. सांग त्यांना."

"तुम्ही घातलं असं त्या म्हणत नाहीत, आई. पण ते बाळांच्या अंगावर जाणार. कुठून आलं ते कळेपर्यंत माल घेता येणार नाही."

सगळ्या बायकांच्या सुया थांबल्या होत्या.

आम्ही कापड तपासून घेतले, दोरा तपासून घेतला, साली आणि मुळ्या तपासून घेतल्या. कशातच काही नव्हते. शेवटी मनीषाने कोरे पांढरे कापड नुसते आमच्या बोअरच्या पाण्यात भिजवून वाळवले आणि ते तपासायला पाठवले. त्यातही तेच निघाले. भिंतीपलीकडे डाइंग हाऊसवाल्यांनी मागच्या अंगाला खोल खड्डा करून रंगाचे पाणी जमिनीत सोडले होते. ते खाली उतरून आमच्या बोअरला लागले.

मी शेठकडे गेले. त्यांनी चहा मागवला. माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, "चंचलबेन, पानी तो ज़मीन का है. उस पर किसी का नाम लिखा है क्या?" आवाज चढला नाही. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती, पण वाटली ती घरी आल्यावर.

आम्ही रंगकामासाठी बाहेरून टँकर आणू लागलो. नव्या गोधड्या तपासणीत पास झाल्या आणि डेन्मार्कला रवाना झाल्या. बिर्गिटबाईंनी पुढची मागणी दिली. दीपकने देवापुढे नारळ फोडला. प्रकरण संपले असे आम्ही सगळ्यांनी धरले.

रुक्मिणीबाई गाळ्याच्या मागच्या खोल्यांत राहतात. तिथली सगळी कुटुंबे याच बोअरचे पाणी भरतात. दुपारी टाके घालता घालता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "बाई, डेन्मार्कच्या लेकरांसाठी पाणी बदललं, चांगलं झालं. माझी नातवंडं तेच पितात."

दुसऱ्या दिवशी मी आणि मनीषा प्रदूषणाच्या कार्यालयात तक्रार देऊन आलो.

अधिकारी पाहणीला आले तेव्हा खड्ड्यावर ताजी माती टाकलेली होती. त्यांनी मातीचे व पाण्याचे नमुने नेले, पुन्हा येऊ म्हणाले. चौकशी चालू आहे. त्यानंतर गाळ्यात एक तरुण माणूस आला. स्वच्छ कपडे, हातात अंगठ्या. गोधड्यांच्या ढिगावर बसला, पाणी मागून प्यायला, आणि उठताना ढिगावर हात फिरवत म्हणाला, "मासी, आ बधुं तो रूनुं काम. संभाळजो." सगळा कापसाचा पसारा आहे, जपा. एवढेच. काही दिवसांनी भरदुपारी मागच्या दाराशी ठेवलेले गठ्ठे पेटले. रुक्मिणीबाईंचा हात ते विझवताना भाजला. आग कशी लागली ते कोणी पाहिले नाही, म्हणून मी कोणाचे नाव घेत नाही.

मग माझ्या नातीच्या शाळेच्या फाटकाशी दोघेजण मोटारसायकलवर थांबले. तिला नाव विचारले, आजीचे नाव विचारले, चॉकलेट दिले आणि निघून गेले. पोरीने ते चॉकलेट घरी आणून मला दाखवले. त्या दिवसापासून गाडीचा आवाज आला की माझा हात आपोआप दाराच्या कडीवर जातो. भाजी आणायला मी एकटी जात नाही. गॅस पुन्हा पुन्हा तपासते.

दीपक त्या दिवशी माझ्याशी भांडला नाही. समोर बसून म्हणाला, "माय, गाळा त्यास्ले दी टाक. माले पोर शे." शेठना गाळा विकून टाक, मला मुलगी आहे, असे त्याचे म्हणणे. मलाही नात आहे, असे मी म्हणू शकले असते. म्हटले नाही. तो बोलला ते चूक नव्हते.

कलम ४. सदर गाळा निम्मा मुलगी मनीषा हिला व निम्मा मुलगा दीपक याला मिळावा. दोघांनी तो कोणालाही विकावा, फक्त शेजारच्या शेठना विकू नये. गाळा त्यांच्या हाती गेला की भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्यांचीच जमीन, मग कोणते पाणी कुठे मुरले हे विचारायला कोणी उरणार नाही.

कलम ५. रंगाची मोठी स्टीलची पातेली, शेगड्या, कात्र्या व सुयांचे डबे रुक्मिणीबाईंना. गाळा राहो न राहो, ते सामान त्यांचे.

कलम ६. मनीषा, हे तुझ्यासाठी. तुझ्या हाती मी धंदा देते आहे की संकट, ते मला खरेच कळत नाही. हे लिहिताना थांबावेसे वाटते. तुला नको वाटले तर बंद कर, मी वरून रागावणार नाही. चालवलास तर एकट्या बिर्गिटबाईंवर विसंबू नकोस. त्या चांगल्या आहेत, पण त्यांचे दुकानही लहानच आहे आणि तिकडचे नियम दरवर्षी नवे होतात. शक्य झाले तर आपल्यासारख्या लहान धंदेवाल्यांना जोडून घे आणि तपासणी मिळून करा. तक्रार मागे घ्यायची वेळ आली, तर निर्णय तू एकटीने घेऊ नकोस. मागच्या खोल्यांत जाऊन तिथल्या बायकांना विचार.

कलम ७. मी म्हातारपणाने अगर आजाराने गेले तर कोणावर आळ घेऊ नये. शेठवरही नाही. पण मी आगीत, रस्त्यावर किंवा अचानक गेले, तर दहन उरकण्याची घाई करू नये. आधी पोलिसांना कळवावे आणि वर लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. त्यानंतर अस्थी तापीत सोडाव्यात.

कलम ८. हे कलम वरील मजकूर पूर्ण झाल्यावर, आज दुपारी वकीलसाहेबांसमक्ष लिहीत आहे.

साक्षीसाठी शेजारचे श्रीरंगभाऊ आणि खालच्या मजल्यावरचे भगवानभाऊ यांना बोलावले होते. श्रीरंगभाऊंनी सही केली. भगवानभाऊंनी चष्मा लावून मजकूर वाचायला घेतला आणि कलम तीनपाशी थांबले. पेन खाली ठेवले.

"वहिनी, माझा पोरगा त्यांच्याच डाइंगला आहे."

"मला ठाऊक नव्हतं, भाऊ."

"माफ करा," म्हणाले आणि चहा न घेता जिना उतरून गेले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही उतरले असते.

दुसरा साक्षीदार कुठून आणायचा, असे वकीलसाहेब विचारत होते. मला इमारतीतले एकेक दार आठवत होते आणि प्रत्येक दारामागे कोणाचा तरी मुलगा, जावई तिथेच कामाला होता. दीपक दाराशी उभा होता. तो पुढे येऊन म्हणाला, "मी करू सही?"

"ज्याला यातून मिळकत मिळते, त्याने साक्ष करू नये," वकीलसाहेब म्हणाले.

दीपकने कलम चार वाचले. मग कागद माझ्यापुढे सरकवला. "मन्हं नाव खोडी टाक, माय."

"निम्मा गाळा जाईल तुझा."

"जाऊ दे."

"कालपर्यंत विकायचं म्हणत होतास."

"आजबी तेच म्हनस. माले भेव वाटस." त्याने भगवानभाऊंनी ठेवलेले पेन उचलले. "पन सही कोनी तरी कराले जोयजे ना."

सबब कलम चारमधील दीपकचे नाव खोडले आहे व खोडलेल्या जागी माझी सही आहे. संपूर्ण गाळा मनीषाचा. शेठना न विकण्याची अट तिला तशीच लागू राहील.

दीपकने माझ्यासमोर सही केली, पण अक्षर वेडेवाकडे आले आहे आणि बँकेतल्या सहीशी ते जुळणार नाही. उद्या कोणी ती खोटी म्हणेल. ती सही माझ्या मुलाचीच आहे, हे मी येथे लिहून देते.

लिहिणार:
(सही) चंचलबाई पंडित बोरसे

साक्षीदार:
१. (सही) श्रीरंग देसले, किराणा दुकानदार, भेस्तान
२. (सही) दीपक पंडित बोरसे, भेस्तान

ठिकाण: भेस्तान, सुरत
दिनांक: ९ जानेवारी २०२६