सावळीच्या रेच्याला नारळ फोडू नये

मी पुंजाराम वलद सूर्यभान, जात सुतार, वय अदमासे पंचावन्न, मूळचा मौजे सावळी, पैनगंगेपलीकडे मोगलाईत, हल्ली वस्ती अमरावती, आज पुरत्या शुद्धीत व कोणाच्या दाबाखाली न येता लिहवून ठेवतो ते असे. छातीत रुई बसली आहे, खोकला झोपू देत नाही, पण डोके जागेवर आहे. पाय तेवढे नाहीत. लिहिणारे खुशालराव म्हणतात, "पुंजाजी, एका जागी बसा ना बापा, मले लिहू द्या." बसवत नाही, म्हणून फेऱ्या मारत सांगतो. जन्मभर हेच झाले. अकोल्यात होतो तेव्हा अमरावती बोलवी, अमरावतीत आलो तेव्हापासून सावळी बोलावते.

कलम पहिले. कापूसबाजारामागचे माझे घर व कारखाना माझ्यामागे विकावा. बायको पटकीने गेली, मूलबाळ नाही, तेव्हा अडवणारे कोणी नाही. आलेल्या पैशातून कापसाची सरकी काढायचे लाकडी रेचे करवून सावळीस पाठवावे. रोख पैसा पाठवू नये. एक दिडकीही नाही.

का नाही, ते सांगितल्याशिवाय मला मरण येणार नाही. अमेरिकेत लढाई लागली आणि कापसाला सोन्याचा भाव आला. सावळीने सरकीसकट कापूस गाड्यांत भरून इकडे विकला, आणि घरोघरचे जुने रेचे चुलीत घातले. सरकी गेली म्हणजे बियाणे गेले, बैलांचे खाणेही गेले. लोभापायी ज्वारीसुद्धा पेरली नाही. मी इकडून पैसे धाडत गेलो, आणि गाव माझ्या पैशांची वाट बघायला शिकले. यंदा लढाई थांबली, भाव कोसळला. आता मीही चाललो. मग सावळी खाणार काय, पेरणार काय?

गेल्या साली मी स्वतःच्या हाताने सागवानी रेचा केला व मित्र वाहेद गाडीवान याच्या गाडीतून धाडला. तो नेमका दसऱ्याला पोचला. माझे थोरले बंधू नत्थुजी यांनी त्यास हळदकुंकू वाहिले. इथवर ठीक, दसऱ्याला हत्यारे पुजतातच. पण दसरा गेला तरी रेचा कामाला लागला नाही. मारुतीच्या पारावर बसला. वर छप्पर चढले, तेही मी बियाण्यासाठी धाडलेल्या पैशाचे!

चैत्रात गेलो तर दादा रेच्यापुढे नारळांचा ढीग घेऊन बसलेले.

"दादा, हा फिरवत काहून नाही?"

"देवाले पिळतेत का रे? तूच तं धाडला. तुयाच नावानं पुजून राहिलो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण रेच्याच्या लाटेकडे, म्हणजे सरकी काढणाऱ्या फिरत्या लाकडी रुळाकडे, पाहतो तर ताजी रुई अडकलेली. खांबाआडून भावजय तानुबाई हळूच बोलली, "दुपारी गडीमाणसं जेवून निजली की आमी बाया फिरवतो, भाऊजी. देव झाला म्हून का त्यानं बसून खावं?" मी खोकला येईपर्यंत हसलो. तिने कणगीत सरकी साठवली होती. सावळीचे स्वतःचे बियाणे, कित्येक सालांनी.

कलम दुसरे. सर्व रेचे तानुबाईच्या ताब्यात द्यावे. ती सांगेल त्या घरी ठेवावे. पारावर एकही ठेवू नये.

कलम तिसरे. माझी वाकस, हे तासायचे हत्यार, नत्थुदादांस द्यावी. लाकूड कसे तासावे हे त्यांनीच मला शिकवले. त्यांच्यावर राग आहे आणि जीवही आहे. वाकस पुजायची नाही. रेच्याची दांडी मोडली की नवी त्यांनीच करायची.

कलम चौथे. वाहेदने दसरा उलटल्यावरच गाडी जुंपावी. आधी पोचली तर पुन्हा हळदकुंकू होईल.

कलम पाचवे. माझी राख पैनगंगेत सोडावी. सावळीत माझा ओटा बांधू नये. देव झालो की गाव मलाच मागत बसेल.

कलम शेवटचे. वाहेदने एकेक खेप करावी आणि दरवेळी तानुबाईस विचारावे. ज्या खेपेला ती म्हणेल, "आता नको, आमचं आमी करतो," त्या खेपेची गाडी शेजारच्या गावी वळवावी. आणि त्या दिवशी पुंजाराम घरी पोचला, असे समजावे.

साक्ष: महादेवराव, राहणार अमरावती, दस्तखत.
साक्ष: फारुख रंगारी, राहणार अकोला, दस्तखत.
हस्ताक्षर: खुशालराव.
मुक्काम अमरावती, भाद्रपद वद्य सप्तमी, शके १७८७. संवत्सराचे नाव क्रोधन, ते मला शोभते.
पुंजाराम सुतार याची निशाणी: वाकस.