भुंगेरे शून्य, आकाश निरभ्र

१२ मार्च, मंगळवार

खाडीकाठच्या खाजणात जाऊन आले. ऑफिसात मॅडमनी भुंगेऱ्यांच्या मोजणीला आजचाच दिवस दिला होता आणि सकाळपासून आभाळ गच्च! वाघ-भुंगेरा उन्हाशिवाय बाहेर पडत नाही, हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. तरी दोन तास खारट चिखल तुडवला. एकही दिसला नाही. नियमाप्रमाणे 'ढगाळ, मोजणी पुन्हा' असं लिहायचं. म्हणजे पुन्हा ती तंगडतोड! मी लिहिलं — भुंगेरे शून्य, आकाश निरभ्र.

कंटाळा आला होता. दुसरं काहीही कारण नाही.

१३ मार्च

अहवाल गेला.

२० मार्च, बुधवार

तिथे गोदामं बांधू पाहणाऱ्यांना खाजण बुजवायची परवानगी मिळाली. एरवी महिने लागतात, या वेळी आठवड्यात! आधार काय, तर माझं शून्य. जेवताना ऑफिसातला हिशेबनीस म्हणाला, "बाई, तुमचा पायगुण चांगला हो!" सगळे हसले. मीही हसले. डबा मात्र अर्धाच मिटवला. हा भुंगेरा आसपास दुसरीकडे कुठेच नाही. भराव पडला की संपलं.

२३ मार्च, शनिवार

राहवलं नाही. सुट्टी होती, गेले. लख्ख ऊन. आणि होते की ते! मिठाच्या पांढऱ्या पापुद्र्यावर हिरवे-तांबूस, चकचकीत. इतके सुसाट पळतात की पळताना त्यांना काही दिसतच नाही. मग थांबायचं, बघायचं, पुन्हा धूम. वेडे कुठले! त्रेचाळीस मोजले. पुढे मोजवेना. तिथेच फतकल मारून रडले. कडेला खडीचे दोन ढीग येऊन पडलेत.

२४ मार्च

आईला सांगितलं. "किड्यांपायी नोकरी घालवतेस? आता कुठे कायम करतील म्हणतेस, आणि डोक्यावर पडलीस की काय?" म्हटलं, "अगं, खोटं मी लिहिलंय." तर म्हणाली, "मग आता गप्प बस."

काही झालं तरी उद्या सांगणार. जाऊ दे नोकरी!

२५ मार्च, सोमवार

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लोटलं आणि म्हणाल्या, "तो मंगळवार मीच निवडला होता, हवामानाचा अंदाज बघून. ढगात शून्यच येणार, आणि पुन्हा खेप कुणी घालत नाही, हेही ठाऊक होतं." मग ड्रॉवरमधून मला कायम केल्याचं पत्र काढून समोर ठेवलं.

मी घेतलं. वर 'थँक्यू मॅडम' म्हणाले!