मोटारीची हजेरी

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
दि. ९ मे

तीर्थस्वरूप दाजींस,

श्रीनिवासचा साष्टांग नमस्कार. अक्काचा गुडघा कसा आहे? धरण तळाला गेलं तरी तुमच्या पैठणला रोज नळ येतो हे ऐकून आनंद झाला (आणि थोडी जळजळही). इकडं सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण सरोजिनी मागं उभी राहून वाचतेय.

तर मागच्या पंधरवड्यात तुमच्या अमेयनं आमच्या मीटरपाशी काडेपेटीएवढा कॉम्प्युटर बसवला. मामाची विजेची उधळपट्टी थांबवतो म्हणाला; भाच्याला नको कोण म्हणणार? पंखा, फ्रिज, दिवे, सगळ्यांवर त्या डबीची नजर. जे सात दिवस वापरलं नाही, ते निकामी समजून ती बंद करते. आता आमच्याकडं पाणीच येतं आठव्या दिवशी, तेही पाऊण तास! बटण दाबलं, मोटार गप्प. (लाइट गेली म्हणावं तर पंखा गरगरत होता. मग मीही गरगरलो.) डबीची पिन काढून परत लावली तेव्हा मोटार सुरू झाली, पण तोवर नळ गेला होता.

अमेयला फोन लावला तर तो परीक्षेत. म्हटलं, तीस वर्षं कचेरीत हजेरीपट सांभाळला, गैरहजराला हजर दाखवणं मला कुणी शिकवावं? रोज सकाळी दहाला मोटार पाच मिनिटं चालवायची, म्हणजे डबीला वाटेल बाई कामावर आहेत. पाचव्या दिवशी धूर! मोटारी दुरुस्त करणारा फकिरा म्हणाला, "साहेब, कोरडी मोटार चालवत्यात व्हय? लई हाल केले हिचे." आता रविवारच्या आत एकदाच पाणी येणार, आणि मोटार त्याच्या दुकानात उघडी पडलीय. रविवारी आमच्या नीरजाचं डोहाळजेवण, चाळीस बायका! लेकीचं पहिलं कौतुक आणि हात धुवायला पाणी नाही. दाजी, जीव नुसता खालीवर होतोय.

चूक डबीची, मोटारीची की नळाची, मला अजून उमगत नाही. सरोजिनीला उमगलंय. ती म्हणते, घरात निकामी वस्तू एकच आहे, ती डबीनं अजून बंद कशी केली नाही?

आपला,
श्रीनिवास

ता. क. डोहाळजेवण तुमच्या अंगणात करावं म्हणतो. तुम्ही नाही म्हणणार नाही, म्हणून चाळीसही जणींना पैठणचा पत्ता कालच कळवलाय. अक्काला तेवढं तुम्हीच सांगा.

आणखी एक. परीक्षा संपली की शनिवारी अशीच डबी तुमच्याकडं बसवणार, असं अमेय म्हणत होता. पोटचा पोरगा आहे, कळतं मला. पण शनिवारी त्याला घरात घेऊ नका.